व्हिएन्ना : आजी, नात आणि पाच दिवस

निळी शाई (धागाकर्ती)

आठ दिवसांत चार राजधान्या दाखवणाऱ्या सहली आपल्याकडे सर्रास विकल्या जातात आणि काही वर्षांपूर्वी तशी एक सहल आम्हीही केली होती. तिच्यात व्हिएन्नाच्या वाट्याला एक दुपार आली. राजवाड्याच्या पटांगणाबाहेर बस थांबली, पंचवीस मिनिटे मिळाली, छायाचित्रे काढून झाली आणि सासूबाई स्वच्छतागृहाच्या रांगेतून परत येईपर्यंत निघायची वेळ झाली. तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पण घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारले, तेव्हा "व्हिएन्ना मी पाहिलेले नाही," असे त्यांनी सरळ सांगितले. ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. म्हणून गेल्या सप्टेंबरात आम्ही फक्त व्हिएन्नाला गेलो. सासूबाई (वय ७४), मुलगी (वय ९), माझे पती आणि मी असे चौघे होतो आणि पाच पूर्ण दिवस तिथेच राहिलो. लहान मुले आणि ज्येष्ठ मंडळी यांना बरोबर घेऊन जाणाऱ्यांना उपयोग व्हावा, या हेतूने हा धागा काढत आहे.

आम्ही एकच नियम पाळला. सकाळी एक मोठी जागा पाहायची, दुपारी बसायचे आणि संध्याकाळी जमेल तेवढे फिरायचे. काय पाहायचे राहून गेले, याची यादी आम्ही केलीच नाही.

पहिला दिवस श्योनब्रुन राजवाड्याला दिला. या नावाचा अर्थ 'सुंदर झरा'. ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्याचे हे उन्हाळी निवासस्थान. राजवाड्यात १,४४१ खोल्या आहेत. त्यांपैकी चाळीसच्या आसपास खोल्या मोठ्या तिकिटात दाखवतात. छोटे तिकीट घेतले तर निम्म्याच खोल्या दिसतात, आणि लहान मुले बरोबर असली की तेच घ्यावे असा सल्ला सगळीकडे दिला जातो. माझे मत वेगळे आहे. मोठेच तिकीट घ्यावे, कारण त्या पुढच्या खोल्यांत भारतीय माणसाने थांबून पाहावी अशी एक जागा आहे. 'मिलिऑनेनत्सिमर' म्हणजे साधारणपणे 'लाखमोलाची खोली'. तिच्या भिंती उंची लाकडाने मढवल्या आहेत आणि त्या लाकडात सोनेरी वेलबुट्टीच्या चौकटी करून मुघल दरबाराची लघुचित्रे बसवली आहेत. या घराण्यातली राज्यकर्ती मारिया थेरेसा हिच्या कुटुंबातल्या मंडळींनी मूळ चित्रे कापून, तुकडे जुळवून, त्यांची नवी चित्रे तयार केली. आपल्याकडच्या चित्रकारांनी केसाएवढ्या कुंचल्याने रंगवलेली माणसे, हत्ती आणि बागा तिथे अठराव्या शतकातल्या राजकन्यांच्या कात्रीतून गेल्या आहेत. सासूबाई बराच वेळ त्या भिंतीसमोर उभ्या होत्या. "चित्रे कापायला नको होती," एवढेच त्या म्हणाल्या, आणि मलाही तसेच वाटले. पण ती कापली गेली म्हणूनच आज ती तिथे एका जागी टिकून आहेत, हेही खरे.

आरसेमहालात १७६२ साली सहा वर्षांच्या मोझार्टने मारिया थेरेसापुढे वादन केले, असे सांगतात. ही गोष्ट मुलांना आदल्या रात्री सांगून ठेवावी. आमच्या मुलीला मारिया थेरेसाला सोळा मुले होती, याचे अधिक आश्चर्य वाटले आणि पुढच्या प्रत्येक खोलीत 'इथे कोण झोपत असेल' याचा शोध ती घेत राहिली. राजवाड्यातच मुलांचे संग्रहालय आहे. तिथे त्या काळचे पोशाख अंगावर चढवून पाहता येतात, राजघराण्याचे जेवणाचे मेज मांडून पाहता येते, केसांच्या टोपांची माहिती मिळते. दीड तास तिथेच गेला.

बागेला तिकीट नाही. त्याच आवारात १७५२ साली सुरू झालेले प्राणिसंग्रहालय आहे आणि आजपर्यंत सलग चालू असलेले ते जगातले सर्वांत जुने प्राणिसंग्रहालय मानले जाते. मारिया थेरेसाचे पती फ्रान्झ स्टेफान यांनी ते वसवले. मध्यभागी अष्टकोनी मंडप आणि त्याच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखी प्राण्यांची घरे, ही मूळ रचना अजून ओळखू येते. त्या मंडपात आता उपाहारगृह आहे. १८२८ साली इजिप्तहून इथे पहिला जिराफ आला, तेव्हा शहरातले कपडे, दागिने आणि मिठायासुद्धा जिराफाच्या नावाने विकल्या गेल्या. मुंबईत राणीच्या बागेत पेंग्विन आल्यावर लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे लगेच समजेल. मात्र राजवाडा आणि प्राणिसंग्रहालय एकाच दिवसात करू नये. आम्ही केले आणि संध्याकाळी मुलगी ट्राममध्येच झोपली.

आता ज्या जागेसाठी मुख्यतः हे लिहायला बसले, तिच्याविषयी.

रिंगश्ट्रास या गोलाकार हमरस्त्यावर मारिया थेरेसाच्या पुतळ्याच्या दोन्ही बाजूंना जुळ्या बहिणींसारख्या दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत. एकीत निसर्गेतिहासाचे संग्रहालय (१८८९) आणि दुसरीत कलेतिहासाचे संग्रहालय (१८९१). 'मुलांना चित्रे कंटाळवाणी वाटतील' म्हणून कुटुंबे बहुधा पहिल्या इमारतीत शिरतात. आम्ही दुसरीत गेलो, कारण थोरल्या पीटर ब्रूगेलच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह तिथे आहे आणि त्यात १५६० सालचे 'मुलांचे खेळ' हे चित्र आहे.

साधारण पावणेचार फूट उंच आणि सव्वापाच फूट रुंद अशा त्या फळीवर एका गावाचा चौक रंगवला आहे आणि त्या चौकात दोनशेहून अधिक मुले ऐंशीच्या आसपास खेळ खेळत आहेत. एकही मूल चित्रकाराकडे बघत नाही. सगळी आपापल्या खेळात गर्क आहेत. मुलीने आधी काठीने चाक पळवणारी मुले शोधली, मग भोवरे फिरवणारी, मग डोळे झाकून आंधळी कोशिंबीर खेळणारी. बाहुल्या सापडल्या. लग्नाची खोटी वरात सापडली. सासूबाई समोरच्या बाकावर बसल्या होत्या. पाय दुखत असल्यामुळे त्या उठणार नाहीत, असे मला वाटले होते. पण नात एकेक खेळ मोठ्याने सांगू लागली तशा त्या उठल्या, चित्राजवळ आल्या आणि डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अगं, हे सागरगोटे."

खरोखरच तिथे दोघीजणी जमिनीवर बसून सागरगोट्यांसारखा खेळ खेळत आहेत. युरोपात तो जनावराच्या घोट्याच्या हाडांनी खेळत, आपल्याकडे सागरगोट्याच्या बियांनी. पण वर उडवायचा, तेवढ्यात खालचे उचलायचे आणि उलट्या पंजावर झेलायचे, ही हाताची चाल सासूबाईंनी बरोबर ओळखली. त्यानंतर सुमारे पाऊण तास त्या दोघी त्या एका चित्रासमोर होत्या. आजी एकेका खेळाचे आपल्याकडचे नाव सांगत होती आणि नात ते वहीत लिहून घेत होती. वहीत अठरा नावे झाली. दालनातल्या रक्षक बाईंनी आम्हाला फक्त एकदाच मागे सरकायला सांगितले. शेजारीच 'बाबेलचा मनोरा' (१५६३) आणि 'बर्फातले शिकारी' (१५६५) ही जगप्रसिद्ध चित्रे आहेत, तीही आम्ही पाहिली. परंतु आमचे व्हिएन्ना त्या कोपऱ्यातल्या दोघींमध्ये आहे.

ऑस्ट्रियाच्या केंद्रीय संग्रहालयांत १९ वर्षांखालील सर्वांना प्रवेश विनामूल्य असतो, हे ठाऊक असावे. मुलाचे तिकीट वाया जाईल ही भीती नसल्यामुळे एक दालन पाहून बाहेर पडता येते.

संत स्टेफानचे कॅथेड्रल, होफबुर्ग (शहरातला मोठा राजवाडा) आणि प्राटर (जत्रेसारखे खेळ असलेले उद्यान) यांविषयी प्रतिसादांत लिहीन. कोणाला काही विचारायचे असल्यास जरूर विचारावे.

---

उंबरठा

धागा दोनदा वाचला. आम्ही नाशिकहून मे महिन्यात जात आहोत. बरोबर वडील (७८, दोन्ही गुडघे दुखरे), पत्नी आणि दोन मुलगे (११ व ६) आहेत. वडील आयुष्यभर शाकाहारी आहेत आणि अंडेही खात नाहीत. माझे तीन प्रश्न आहेत. त्यांना चालायला किती लागेल? खाण्याचे काय? आणि कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर पायऱ्या चढल्याशिवाय जाता येते का? थोरल्या मुलाने तिथल्या मोठ्या घंटेविषयी वाचले आहे आणि ती पाहायचीच, असा त्याचा हट्ट आहे.

---

डॅन्यूबकाठ

मी गेली अकरा वर्षे व्हिएन्नात राहतो, त्यामुळे या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देण्याचा प्रयत्न करतो.

घंटेपासून सुरुवात करू. कॅथेड्रलचा दक्षिण मनोरा १३६ मीटर उंच आहे आणि त्यावर चढायला ३४३ पायऱ्या आहेत, त्याही अरुंद गोल जिन्याने; वडिलांनी तो विचार करू नये. पण 'पुमेरिन' ही मोठी घंटा आता उत्तर मनोऱ्यात आहे आणि तिथे लिफ्ट आहे. वर गेल्यावर छतावरची रंगीत कौलेही जवळून दिसतात. ती सुमारे २ लाख ३० हजार आहेत.

घंटेची कथा अशी. १६८३ साली ऑटोमन (तुर्की) सैन्याने व्हिएन्नाला वेढा घातला. त्या वर्षीच्या १२ सप्टेंबरला पोलंडचा राजा यान सोबिएस्की आणि मित्रसैन्य यांनी तो मोडून काढला. पळताना ऑटोमनांनी मागे टाकलेल्या तोफा वितळवून १७११ साली पहिली पुमेरिन ओतली गेली. एप्रिल १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या दिवसांत, कॅथेड्रलला आग लागली, घंटा खाली कोसळून फुटली. तिचेच तुकडे वितळवून १९५१ साली आजची घंटा ओतली. ती सुमारे २० टनांची असून वर्षातून मोजक्याच वेळी वाजते. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री ती वाजते तेव्हा चौकातली गर्दी गप्प होते. तो आवाज कानांआधी छातीत जाणवतो.

खाण्याविषयी स्पष्ट लिहितो, कारण इथे चूक होते. भाजीचे म्हणून मिळणारे सूप बरेचदा गोमांसाच्या पाण्यात केलेले असते. विचारल्याशिवाय घेऊ नये. चीज घातलेल्या 'श्पेत्सले'च्या (नूडलसारखा पदार्थ) पिठात अंडे असते आणि 'कायझरश्मार्न' हा गोड पदार्थ तर अंड्यावाचून होतच नाही. अंडे न खाणाऱ्यांनी उकडलेले किंवा परतलेले बटाटे, भाज्यांची कोशिंबीर, पाव, फळे आणि नाशमार्क्ट या बाजारातले फलाफल व हम्मस यांवर भर द्यावा. शहरात भारतीय उपाहारगृहेही आहेत. परंतु स्वयंपाकघर असलेली खोली घेणे सर्वांत उत्तम. वरण-भाताचे सामान सहज मिळते. रविवारी मात्र जवळजवळ सर्व दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध, भाजी आणि पाव आणून ठेवावा.

पाणी विकत घेऊ नये. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचे पाणी येते. पहिली जलवाहिनी १८७३ साली आणि दुसरी १९१० साली पूर्ण झाली आणि डोंगरापासून शहरापर्यंत ते पाणी केवळ उतारावरून, पंपाशिवाय वाहत येते. पहिल्या जलवाहिनीच्या स्मरणार्थ श्वार्त्सेनबेर्गप्लात्स या चौकात उंच कारंजे उभारले आहे. ते विनामूल्य आहे आणि मुलांना फार आवडते. रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याच्या तोट्याही आहेत, बाटली भरून घ्यावी.

चालण्याविषयी : मेट्रो, ट्राम आणि बस यांना एकच तिकीट चालते. मेट्रोच्या स्थानकांत अडवणारे दरवाजे नाहीत, त्यामुळे नवखा माणूस तिकीट पंच करायला विसरतो. तिकिटावर वेळ छापून आलेला नसेल तर आधी निळ्या यंत्रात पंच करावे, नाहीतर तपासनीस दंड करतात. कमी उंचीच्या ट्राम फलाटाच्या जवळजवळ समपातळीत असतात. त्यामुळे वडिलांना त्रास होणार नाही. जुन्या ट्रामला मात्र उंच पायऱ्या असत. तशी एखादी आलीच तर पुढच्या ट्रामची वाट पाहावी. पाच-दहा मिनिटांत दुसरी येते.

---

उंबरठा

मनापासून आभार. घंटेविषयी वाचून अंगावर काटा आला. आमच्या गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरावर जी घंटा आहे, ती वसईच्या विजयाची खूण म्हणून लहानपणापासून आम्ही ऐकत आलो आहोत. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली. तिकडे तोफांची घंटा झाली आणि इकडे पोर्तुगीजांची घंटा देवळावर आली. पुमेरिन आणि वसईचा विजय यांमध्ये तीस वर्षांचेही अंतर नाही. मुलांना आधी नारोशंकराची घंटा दाखवून मगच पुमेरिन दाखवीन.

---

पाटीपेन्सिल

मी शाळेत इतिहास शिकवते आणि दोन वर्षांपूर्वी माझ्या बारा वर्षांच्या मुलाबरोबर व्हिएन्नाला गेले होते. निळी शाई यांच्याशी बहुतेक बाबतींत सहमत आहे. परंतु निसर्गेतिहासाच्या संग्रहालयाला मागे टाकू नये, असे आग्रहाने सांगते. १९०८ साली ऑस्ट्रियातल्याच विलेनडॉर्फ गावाजवळ सापडलेली, सुमारे ११ सेंटिमीटर उंचीची चुनखडी दगडाची स्त्रीमूर्ती तिथे आहे. वय जवळजवळ तीस हजार वर्षे. ती एका छोट्या अंधाऱ्या कक्षात एकटीच ठेवली आहे. मुलगा आत जाताना बोलत होता, बाहेर येताना गप्प होता. उल्कांचे दालनही तिथले जगातल्या सर्वांत मोठ्या दालनांपैकी आहे. सहा वर्षांच्या मुलाला डायनोसॉरचे सांगाडे पुरेसे ठरतील.

मात्र समोरासमोरच्या या दोन संग्रहालयांच्या साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या दिवशी असतात. जाण्यापूर्वी पाहून घ्यावे.

आता थोडे अवघड विषयाकडे वळते. राजवाडे, घोडे, केक आणि वॉल्ट्झ एवढेच मुलांना दाखवून परत यावे का? होफबुर्गच्या नव्या इमारतीच्या ज्या सज्जातून १५ मार्च १९३८ रोजी हिटलरने जमावापुढे भाषण केले, तो सज्जा आजही हेल्डनप्लात्स या चौकासमोर आहे. मुले त्याच्यासमोरच्या हिरवळीवर खेळतात. तिथून पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर युडेनप्लात्स नावाचा शांत चौक आहे. तिथे २००० साली उभारलेले, मारल्या गेलेल्या ६५,००० ऑस्ट्रियन ज्यूंचे स्मारक आहे. ते काँक्रीटचे ग्रंथालय आहे, पण पुस्तकांच्या पाठी आतल्या बाजूला वळलेल्या आहेत. कोणत्याच पुस्तकाचे नाव वाचता येत नाही आणि दारांना मुठी नाहीत. मुलाने विचारले, "ही पुस्तके कोणाची?" मी म्हटले, "जे लोक ती वाचू शकले असते त्यांची." याहून अधिक काही सांगावे लागले नाही. नऊ वर्षांच्या मुलीला निळी शाई यांनी तिथे नेले होते का, हे जाणून घ्यायला आवडेल.

---

निळी शाई

पाटीपेन्सिल, प्रश्न योग्य आहे. आम्ही तिला नेले. नेण्याआधी मी आणि माझ्या पतींनी रात्री बराच विचार केला. तिला आम्ही आकडा सांगितला नाही. "इथल्या काही माणसांना ती कोण आहेत एवढ्याच कारणासाठी घरातून काढले, आणि ती परत आली नाहीत," असे सांगितले. ती स्मारकाभोवती एक फेरी मारून आली आणि पुस्तके उलटी का ठेवली आहेत, हे तिने स्वतःच ओळखले. ११ वर्षांच्या मुलाला याहून अधिक सांगता येईल. सहा वर्षांच्या मुलाला त्या वेळी कोणीतरी बागेत घेऊन बसावे. फोल्क्सगार्टनमध्ये मेअखेरीपासून गुलाब फुललेले असतात.

होफबुर्गविषयी लिहायचे राहिले होते. इथे निवड करावीच लागते, कारण एकाच आवारात इतकी संग्रहालये आहेत की दिवस पुरत नाही. आम्ही खजिना पाहिला. त्यात दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, पवित्र रोमन साम्राज्याचा अष्टकोनी राजमुकुट आहे. त्यावरची रत्ने पैलू न पाडलेली, गुळगुळीत घासलेली आहेत. सासूबाईंना आपल्याकडच्या देवांच्या जुन्या मुकुटांची आठवण झाली. सम्राट फ्रान्झ योसेफची पत्नी एलिझाबेथ हिची, म्हणजे 'सिसी'ची, दालने आम्ही सोडली. गर्दी फार होती.

होफबुर्गमधल्या घोडेस्वारीच्या शाळेचे, म्हणजे स्पॅनिश रायडिंग स्कूलचे, पूर्ण सादरीकरण महाग आहे. सकाळचा सराव संगीताच्या साथीने चालतो आणि तो पाहायला कमी पैसे लागतात. तिथले लिपिझानर जातीचे घोडे जन्मतः काळे किंवा तपकिरी असतात आणि वयाच्या साधारण सहाव्या ते दहाव्या वर्षापर्यंत पांढरे होत जातात. हे आधी सांगितल्यास मुले प्रत्येक घोड्याचे वय ओळखण्याचा खेळ खेळतात. सराव म्हणजे सराव. घोडा चालतो, थांबतो, पुन्हा तेच करतो. घोड्याच्या उड्यांची अपेक्षा ठेवून गेल्यास निराशा होईल. मला मात्र तेच आवडले, कारण गुरू आणि शिष्य एकच गोष्ट शांतपणे पुन्हा पुन्हा करताना दिसतात. दालन १७३५ मध्ये पूर्ण झालेले आहे आणि छताची झुंबरे खालच्या वाळूवर मंद उजेड टाकतात.

---

जुनी पोथी

या धाग्यात एका मराठी दुव्याची भर घालावीशी वाटते. रिंगश्ट्रासवर व्हिएन्ना विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. ती १८८४ मध्ये खुली झाली. तिच्या मधल्या चौकात, कमानींच्या ओवऱ्यांमध्ये, तिथल्या विद्वानांचे अर्धपुतळे आहेत. प्रवेशाला पैसे नाहीत, बसायला खुर्च्या असतात आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला भर दुपारी यापेक्षा चांगली सावली शहराच्या मध्यभागी मिळायची नाही. मुलांपैकी कोणाला विज्ञानाची आवड असल्यास भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरचा पुतळा शोधायला सांगावे. त्यावर त्याचे समीकरण कोरले आहे.

इमारत नवी होती तेव्हाच, म्हणजे १८८६ साली, प्राच्यविद्येची आंतरराष्ट्रीय परिषद व्हिएन्नात भरली आणि तिला पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्राध्यापक डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर गेले होते. समुद्रपर्यटनाचे प्रायश्चित्त मागितले जाण्याचा तो काळ होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रवासाचे मोल कळते. व्हिएन्नात तेव्हा संस्कृतचे अध्यापन गेओर्ग ब्यूलर करत होते. हे ब्यूलर त्यापूर्वी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असत. १८६३ साली ते मुंबईस आले आणि पश्चिम भारतातली संस्कृत हस्तलिखिते शोधून जमवण्याच्या कामात त्यांनी आणि भांडारकरांनी दोघांनीही मोठा वाटा उचलला. म्हणजे पुण्याचा माणूस व्हिएन्नात पोहोचला तेव्हा समोर मुंबईचा जुना परिचित होता. वडिलांना हे सांगावे. त्या ओवरीत बसताना त्यांना परके वाटणार नाही.

१६८३ च्या वेढ्याविषयीही एक गोष्ट. शालेय इतिहास शिकलेल्या मुलाला साल सांगून उपयोग नसतो, त्या साली आपल्याकडे काय चालले होते ते सांगावे. त्याच वर्षाच्या अखेरीस संभाजी महाराज फोंड्याला आणि गोव्याच्या वेशीवर पोर्तुगीजांशी लढत होते आणि औरंगजेब दख्खनेत उतरलेला होता. माझ्या नातवाला याच पद्धतीने युरोपचा इतिहास लक्षात राहिला.

---

डॅन्यूबकाठ

जुनी पोथी, मी त्या ओवरीत शेकडो वेळा बसलो आहे आणि भांडारकर या शहरात येऊन गेले होते हे मला आज कळले. पुढच्या वेळी तिथे निराळ्या नजरेने बसेन.

कॉफीविषयी कोणी विचारले नाही, तरी लिहितो. वेढा उठल्यावर ऑटोमन छावणीत सापडलेल्या पोत्यांतून व्हिएन्नाचे पहिले कॉफीगृह निघाले, ही लोकप्रिय दंतकथा आहे. नोंदीनुसार पहिला परवाना १६८५ मध्ये योहानेस दिओदातो या आर्मेनियन व्यापाऱ्याला मिळाला. कॉफीबरोबर पाण्याचा छोटा पेला येतो आणि एका कपावर कितीही वेळ बसले तरी उठवत नाहीत. हे ज्येष्ठांसाठी फार सोयीचे आहे. दुपारी दोन ते चार या वेळेसाठी एखादे जुने कॉफीगृह ठरवून टाकावे.

---

उंबरठा

आता आमचा आराखडा बराच स्पष्ट झाला आहे. पहिला दिवस राजवाडा (मोठे तिकीट), दुसरा प्राणिसंग्रहालय, तिसरा संग्रहालये आणि विद्यापीठाची ओवरी, चौथा कॅथेड्रल व युडेनप्लात्स. पाचव्या दिवशी प्राटरचा आकाशपाळणा. वडील पाळण्यात बसायला तयार नाहीत. त्यांना चक्कर येईल, अशी त्यांची समजूत आहे. त्यांना खाली बसवून आम्ही जावे, की तो बेतच रद्द करावा?

---

निळी शाई

बेत रद्द करू नये आणि वडिलांना खालीही बसवू नये. माझ्या सासूबाईंचेही हेच म्हणणे होते. आपल्या जत्रेतला पाळणा डोळ्यांसमोर असतो, म्हणून भीती वाटते. प्राटरचा रीझेनराड वेगळा आहे. तिथे उघडी बाकडी नाहीत. आगगाडीच्या डब्यासारख्या लाकडी, बंद, खिडक्या असलेल्या खोल्या आहेत, आत उभे राहता येते आणि मध्ये बसायला बाकही आहे. तो इतका सावकाश फिरतो की आपण हलतो आहोत हे खिडकीबाहेर पाहिल्यावरच समजते. १८९७ साली सम्राट फ्रान्झ योसेफच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवासाठी तो उभारला गेला. उंची ६४.७५ मीटर. पूर्वी तीस डबे होते. १९४४ साली तो जळाला, १९४७ मध्ये पुन्हा फिरू लागला तेव्हा सावधगिरी म्हणून पंधराच डबे बसवले आणि आजही पंधराच आहेत. दोन डब्यांमधली मोकळी जागा खालून पाहिली की ती गोष्ट मुलांना कळते.

प्राटर ही पूर्वी बादशाही शिकारीची राखीव जागा होती. १७६६ मध्ये सम्राट दुसऱ्या योसेफने ती सर्वांना खुली केली. खेळण्यांच्या जत्रेत शिरण्याचे पैसे लागत नाहीत, प्रत्येक खेळाचे वेगळे द्यावे लागतात. म्हणून मुलांना आधीच प्रत्येकी तीन खेळ ठरवून द्यावेत. १९२८ पासून चालणारी छोटी आगगाडी झाडांमधून फिरवून आणते, ती वडिलांनाही आवडेल.

---

डॅन्यूबकाठ

पाळण्यासाठी संध्याकाळची वेळ धरावी. मे महिन्यात आठ वाजून गेल्यावरही उजेड असतो. वर पोहोचल्यावर कॅथेड्रलचा मनोरा ओळखता येतो, आणि आदल्या दिवशी पाहिलेली घंटा कुठे आहे हे मुले आजोबांना बोट दाखवून सांगू शकतील. स्थानकाचे नाव प्राटरश्टेर्न. तिथे लिफ्ट आहे आणि बाहेर पडल्यावर पाळणा समोरच दिसतो, पाच मिनिटे सपाट रस्ता आहे. परतताना ट्रामऐवजी पहिल्या क्रमांकाची मेट्रो घ्यावी. थेट कॅथेड्रलच्या चौकात पोहोचवते.

---

उंबरठा

वडिलांना हे दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. "खोली बंद असेल तर बसतो," असे म्हणाले आहेत. धाकट्याने आजच सागरगोटे मागितले; पत्नी रविवारी बाजारातून आणणार आहे, म्हणजे जाण्यापूर्वी दोघांनाही ते खेळता येतील आणि चित्रातल्या त्या दोघी त्यांच्या त्यांनाच सापडतील.